नव्या कृत्रिम अफूवर्गीय गोळ्या-पावडरी आणि आपलं सोलापूर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अशोक चौकाजवळच्या एका गल्लीत माझं मेडिकल आहे. समोर यंत्रमागाचे कारखाने, मागच्या अंगाला विडी कामगारांची घरं. संध्याकाळी पाळी सुटली की काउंटरवर गर्दी होते आणि त्यातल्या निम्म्या लोकांना अंगदुखीची गोळी हवी असते, तीही ‘पॉवरची’. अलीकडे गोळीबरोबर प्रश्नही येतात. कुणी मोबाइलवर परदेशातल्या रस्त्यांवर कमरेत वाकून उभ्या असलेल्या माणसांचे व्हिडिओ बघून विचारतं, तर एखादी आई मुलाच्या खिशात सापडलेली गोळी पदराच्या गाठीत बांधून आणते. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, पण या गोळ्या रोज माझ्या हातातून जातात. म्हणून उत्तरं एकदा सलग लिहून काढली.

समोरचं माणूस आत्ता या क्षणी उठत नसेल तर बाकी काही वाचू नका. १०८ ला फोन लावा आणि थेट ‘माणूस उठत नाहीये’ या प्रश्नावर या.

‘ओपिऑइड’ म्हणजे अफूच ना?

मूळ अफूचंच. अफूच्या बोंडाच्या चिकापासून मॉर्फिन आणि कोडीन मिळतं, मॉर्फिनवर प्रक्रिया करून हेरॉइन बनतं. इथपर्यंतच्या सगळ्या पदार्थांना शेत लागतं. आपल्याकडे मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने औषधांसाठी अफू पिकवतात. कृत्रिम ओपिऑइडला मात्र शेत लागत नाही. ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, फेंटानिल, मेथाडोन ही सगळी रसायनांपासून कारखान्यात तयार होतात, पण मेंदूत जाऊन बसतात ती त्याच जागी जिथे मॉर्फिन बसतं. म्हणून परिणामही तेच: दुखणं बोथट होतं, मन सैल पडतं, पोट जड होतं आणि श्वास मंदावतो.

यातला श्वास नीट समजून घ्या, कारण माणूस मरतो तो श्वासाने. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूचा खालचा भाग आपोआप श्वास घ्यायला लावतो. म्हणून कुणी नाक दाबलं तर आपण तडफडतो. ओपिऑइड ही तडफडच बंद करतं. श्वास मिनिटाला पंधरावरून आठवर येतो, चारवर येतो, थांबतो, आणि त्या माणसाला दम कोंडल्याची जाणीवही होत नाही. शेजारी झोपलेल्यालाही वाटतं, गाढ झोप लागलीय.

(स्वयंपाकातल्या खसखशीबद्दल घाबरून विचारणारेही असतात. अनारशावरची खसखस खुशाल खा. फक्त दुबईला निघालेल्या लेकाच्या पिशवीत ती बांधून देऊ नका, तिकडे ती बंद आहे.)

मग ‘नवे’ म्हणजे कोणते?

फेंटानिल तसं जुनं आहे. बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांनी ते १९६० च्या सुमारास शोधलं, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देताना ते आजही जगभर वापरतात. भूलतज्ज्ञाच्या हातात, श्वासावर नजर ठेवून दिलेलं फेंटानिल हे उत्तम औषध आहे. नवा आहे तो त्याचा चोरटा अवतार: गुपचूप कारखान्यात बनवलेली पावडर, जी हेरॉइनमध्ये मिसळतात किंवा दाबून खोट्या गोळ्या पाडतात. त्याचाच भाऊ कारफेंटानिल हत्तीसारख्या जनावरांना बेशुद्ध करायला वापरतात.

दुसरा गट नायटाझीनचा. स्वित्झर्लंडमधल्या एका औषध कंपनीच्या संशोधकांनी १९५० च्या दशकात ही रसायनं वेदनाशामक म्हणून बनवली. ती इतकी जहाल निघाली की औषध म्हणून बाजारात आलीच नाहीत. साठ वर्षं कागदात पडून राहिलेली ही कृती २०१९ च्या आसपास कुणीतरी पुन्हा उघडली. आज युरोप-अमेरिकेत नायटाझीन हेरॉइनमध्ये सापडतं, झोपेच्या खोट्या गोळ्यांत सापडतं, आणि घेणाऱ्याला बहुतेक वेळा पत्ताच नसतो.

चिमूटभर पावडरीने माणूस कसा मरेल?

चिमूटही लागत नाही. फेंटानिल मॉर्फिनच्या ५० ते १०० पट तीव्र आहे. दुखण्यासाठी मॉर्फिनचं १० मिलिग्रॅमचं इंजेक्शन देतात. तेच काम फेंटानिलचे ०.१ मिलिग्रॅम करतात. सवय नसलेल्या माणसाला २ मिलिग्रॅमही जिवावर बेतू शकतात, म्हणजे मिठाचे मोजके खडे. कारफेंटानिल मॉर्फिनच्या सुमारे १०,००० पट मानलं जातं, आणि नायटाझीनमधले काही प्रकार फेंटानिललाही मागे टाकतात.

औषध कंपनी इतकं जहाल द्रव्य गोळीत सारखं पसरवायला मोठी यंत्रं वापरते आणि प्रत्येक खेप तपासते. चोरटा कारखानदार बादलीत हलवतो. घरी उखळात शेंगाचटणी कुटताना मीठ नीट मिसळलं नाही तर एक घास अळणी लागतो आणि दुसऱ्या घासाला खडा दाताखाली येतो. तसंच होतं. एकाच पुडीतली एक गोळी पोकळ निघते, दुसरीत तिघांना पुरेल एवढं विष असतं. ‘काल घेतली, काही झालं नाही’ या वाक्याला म्हणूनच काही अर्थ उरत नाही.

हे सगळं एकदम का आलं?

एकदम आलं नाही. पाणी अडवलं की ते दुसरीकडून वाट काढतं, तसं झालं. तालिबानच्या पहिल्या राजवटीत अफूवर बंदी आली, त्यानंतरच्या काही वर्षांत एस्टोनियासारख्या छोट्या देशात हेरॉइनची जागा फेंटानिलने घेतली. चीनने मे २०१९ मध्ये फेंटानिलच्या सगळ्या घराण्यावर एकत्र बंदी घातली, त्याच सुमाराला नायटाझीन दिसायला लागलं. एप्रिल २०२२ मध्ये अफगाणिस्तानात पुन्हा अफूबंदी झाली आणि पुढच्या वर्षी तिथली लागवड ९५ टक्क्यांनी घटली. शेत बंद झालं की प्रयोगशाळा उघडते. पोतंभर अफूच्या जागी एक पाकीट पुरतं, ते टपालाने येतं. एका रेणूवर बंदी आली की रसायनतज्ज्ञ त्याची शेपटी थोडी बदलतो आणि कायद्याच्या यादीत नसलेला नवा पदार्थ तयार होतो.

अमेरिकेत २०२२ या एका वर्षात अमली पदार्थांच्या अतिमात्रेने १ लाख ७ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यातल्या जवळपास ७४ हजार मृत्यूंमध्ये कृत्रिम ओपिऑइड होतं, आणि त्यात मुख्य फेंटानिल. २०२४ मध्ये हा एकूण आकडा ८० हजारांच्या आसपास उतरला.

पण सोलापुरात कुठे आहे हे?

व्हिडिओत दिसतं तसं चित्र माझ्या गल्लीत नाही. माझ्या गल्लीत दिसतं ते ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल आणि कोडीनचं खोकल्याचं औषध. तीही ओपिऑइडच, त्यातली पहिली दोन कृत्रिम. २०१९ साली जाहीर झालेल्या ‘एम्स’च्या राष्ट्रीय पाहणीत देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक कुठलं ना कुठलं ओपिऑइड घेतात असं आढळलं, आणि गोळ्या-औषधांच्या रूपात घेणाऱ्यांचं प्रमाण हेरॉइनच्या फार मागे नव्हतं. ही माणसं अड्ड्यावर जात नाहीत, मेडिकलमध्ये येतात.

ट्रामाडॉल एप्रिल २०१८ मध्ये एनडीपीएस कायद्याखाली, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं. त्यानंतर पंजाबसारख्या राज्यात टॅपेंटाडॉलची ओढ वाढली. टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल (स्नायू सैल करणारं औषध) यांची एकत्र गोळी भारतातून पश्चिम आफ्रिकेत जात होती आणि तिथली तरुण पोरं तिच्यापायी बरबाद होत होती. हे उघड झाल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या सरकारने त्या गोळीचं उत्पादन आणि निर्यात थांबवली. आणि फेंटानिल भारतात बनूच शकत नाही असंही समजू नका. २०१८ मध्ये इंदूरच्या एका प्रयोगशाळेतून ते किलोंनी जप्त झालंय.

आपलं शहर पुणे-हैदराबाद आणि विजापूरकडच्या हमरस्त्यांवर बसलंय. औद्योगिक वसाहती आहेत, बंद पडलेल्या शेड आहेत, बारा बारा तास उभं राहणारी माणसं आहेत. बाहेरची पावडर इथे यायला वेळ लागेलही. तिची वाट मात्र दुखण्याच्या गोळीने आधीच तयार करून ठेवली आहे, आणि मला काळजी आहे ती याचीच.

चिंचोळीत पकडलं ते हेच का?

नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये चिंचोळी औद्योगिक वसाहतीत मुंबई पोलिसांनी उघडकीस आणलेला कारखाना मेफेड्रोनचा होता, म्हणजे एमडीचा. एमडी माणसाला जागं ठेवतं, छाती धडधडवतं, घाम फोडतं. ओपिऑइड झोपवतं. दोन्हींचे धोके आणि उपचार वेगळे. पण एमडी म्हणून दिलेल्या पुडीत दुसरं काही नसेल याची हमी विकणारा देत नाही.

‘बटण’ आणि ‘कुत्ता गोळी’?

या झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या, नायट्रॅझेपाम किंवा अल्प्राझोलाम वर्गातल्या. नावातल्या सारखेपणाने फसू नका: नायट्रॅझेपाम वेगळं, नायटाझीन वेगळं. ओपिऑइडबरोबर घेतल्या तर मात्र या गोळ्या श्वास आणखी दाबतात.

डॉक्टरांनी ट्रामाडॉल लिहून दिलंय. घेऊ की फेकून देऊ?

घ्या. हाड मोडलंय, शस्त्रक्रिया झालीय, तर काही दिवस लिहून दिलेल्या मात्रेत घेतलेली गोळी तुम्हाला व्यसनी करत नाही. फक्त डॉक्टरांना काही गोष्टी आधी सांगा: पूर्वी कधी फिट आली होती का, मूत्रपिंडाचा त्रास आहे का, झोपेत श्वास अडकून घोरता का, नैराश्याची किंवा झोपेची गोळी चालू आहे का. ट्रामाडॉलने फिट येऊ शकते, आणि नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबर ते बिघडतं. कंबरेच्या नसेसाठी प्रेगाबालिन चालू असेल तर तेही सांगा. बारा वर्षांखालच्या मुलाला ही गोळी अर्धी करूनसुद्धा देऊ नका. बाळाला अंगावर पाजणाऱ्या बाईनेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

पाकीट हातात घेऊन बघायला शिका. कडेची उभी लाल रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. ट्रामाडॉलची नोंद दुकानदाराला वेगळ्या वहीत करावी लागते, डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, किती गोळ्या, आणि ती वही तीन वर्षं जपायची असते. मी वही काढली की काही जण चिडतात, ‘चोर समजता का’ म्हणतात. चोर समजत नाही. ती वही तुमच्यासाठीच आहे.

रोज गोळी घेतल्याशिवाय मागावर उभं राहवत नाही. हे व्यसन का?

एकाचं सांगते. चाळिशीचा माणूस, टॉवेलच्या कारखान्यात बारा तासांची पाळी. मे महिना होता, बाहेर त्रेचाळीस अंश. त्याने खिशातून पाकिटाचा तुकडा काढून काचेवर ठेवला. दोन गोळ्यांची जागा, दोन्ही रिकाम्या. कात्रीने कापताना नाव गेलेलं, मागच्या चांदीवर फक्त ‘५० एमजी’ राहिलेलं आणि कडेला लाल रेघेचा तुकडा. म्हणाला, ‘अक्का, हीच द्या.’ मी त्याच्या हाताकडे बघितलं. त्या उन्हाळ्यात त्याच्या हातावर काटा आला होता. नाक गळत होतं, जांभयांवर जांभया येत होत्या. सर्दी झालीय म्हणाला.

ती सर्दी नव्हती. गोळी चुकल्याची लक्षणं अशीच असतात: जांभया, नाक-डोळे गळणं, अंगावर काटा, पोटात कळा, जुलाब, पाय ओढणं, झोप उडणं. दोन वर्षांपूर्वी कंबरेसाठी एक गोळी सुरू झाली होती. शरीराला सवय झाली की एकीने भागत नाही, दोन लागतात, मग चार. तो दिवसाला दहापर्यंत पोचला होता, म्हणजे ५०० मिलिग्रॅम. ट्रामाडॉलची दिवसाची कमाल मर्यादा ४०० आहे. त्याच्या वर फिटचा धोका चढत जातो, आणि हा माणूस चालू मागाच्या शेजारी उभा राहत होता.

तर उत्तर: गोळी दुखण्यासाठी घेताय की गोळी चुकल्यावर होणाऱ्या त्रासासाठी, हे स्वतःला विचारा. दुसरं असेल तर शरीर अडकलंय. त्यात लाज नाही. कंबर खरंच दुखते, पाळी खरंच बारा तासांची आहे, खाडा केला तर मजुरी खरंच जाते. पण एका झटक्यात बंद करू नका. डॉक्टर मात्रा पायरीपायरीने उतरवतात. तो माणूस माझ्याबरोबर सिव्हिलला आला, कारण एकटा गेलाच नसता. कंबरेचं दुखणं अजून पूर्ण गेलेलं नाही, व्यायाम चालू आहे, कामावर जातो.

ज्या दुकानात मी नोकरीत सुरुवात केली तिथे अशा गोळ्या सुट्या विकल्या जायच्या, कापलेल्या पाकिटातून, नाव न सांगता. मीही दिल्या. त्या माणसांचे चेहरे आजही आठवतात, म्हणून हे लिहितेय.

गोळीवर थोडी दारू किंवा शिंदी चालेल का?

अजिबात नाही. दारू श्वास दाबते, झोपेची गोळी दाबते, ओपिऑइड दाबतं. एकेकटं कदाचित झेपेल, तिघं मिळून झेपत नाहीत. शिंदीचं तर आणखी अवघड. रसायन घालून बनवलेल्या शिंदीत नेमकं काय आहे हे पिणाऱ्याला कळत नाही, आणि गुंगीची द्रव्यं त्यात मिसळतात हे आपल्या भागाला नवीन नाही.

माणूस उठत नाहीये. काय करू?

तीन गोष्टी बघा. हाक मारून, हलवून उठत नाही. श्वास फार संथ आहे, किंवा घशातून घरघर येतेय, किंवा श्वासच नाही. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालीय. सावळ्या अंगावर निळेपणा पटकन दिसत नाही, म्हणून ओठ आतून आणि नखं बघा, राखेसारखी दिसतात. तिन्ही जुळायची वाट बघू नका. उठत नाही आणि श्वास बिघडलाय, एवढं पुरे.

१०८ ला फोन करा. ‘माणूस बेशुद्ध आहे, श्वास थांबतोय’ हे आधी सांगा, मग पत्ता आणि ओळखीची खूण. फोन स्पीकरवर ठेवा. बोटांची मूठ करून छातीच्या मधल्या हाडावर जोरात घासा. तरी जाग नाही आणि श्वास नीट नाही, तर पाठीवर झोपवा, तोंडात काही असेल तर काढा, हनुवटी वर उचलून डोकं मागे करा, नाक चिमटीत धरा आणि तोंडाने श्वास द्या. छाती वर येताना दिसली पाहिजे. दर पाच सेकंदांनी एक. श्वास पूर्ण थांबलाय आणि नाडी लागत नाही, किंवा लागतेय की नाही ते कळत नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. स्वतः श्वास घेत असेल तर कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तरी घशात जाणार नाही. एकट्याला सोडू नका.

करू नका ते: तोंडावर बादली ओतणं, लिंबूपाणी किंवा मिठाचं पाणी पाजणं, कांदा किंवा चप्पल हुंगवणं, दोघांनी धरून चालवणं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेलं पाणी फुप्फुसात जातं. आणि सर्वांत वाईट म्हणजे ‘झोपू दे, सकाळी उतरेल’.

एका रात्री मी शटर ओढत होते तेव्हा मागच्या वस्तीतली एक विडी कामगार बाई धावत आली. ‘अक्का, पोरगं उठंना झालंय, नुसतं घोरायलंय.’ गेले तर मुलाचे ओठ राखाडी, आणि दोन श्वासांमध्ये इतका वेळ जायचा की तिसरा येतो की नाही कळेना. १०८ ला फोन लागला. मी श्वास द्यायला लागले आणि तिला म्हटलं, तुम्ही मोजा. ती तेलुगूत मोजत राहिली: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु. ऐदु म्हटलं की मी फुंकायची. गाडी येईपर्यंत तिने एकदाही मोजणं थांबवलं नाही. उशाशी कोडीनच्या औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या होत्या आणि गोळ्यांचं पाकीट. ते मी डॉक्टरांच्या हातात दिलं. मुलगा वाचला. आईला तोपर्यंत वाटत होतं की पोरगं दमून झोपलंय.

यावर उतारा आहे का?

आहे, नॅलॉक्सोन. मेंदूतल्या त्याच जागेवरून ते ओपिऑइडला ढकलून देतं आणि काही मिनिटांत श्वास परत येतो. ओपिऑइड नसेल तर ते काही अपाय करत नाही. भारतात ते मुख्यतः इंजेक्शनच्या रूपात रुग्णालयांत वापरतात, अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं की अतिमात्रा बघण्याची वेळ येऊ शकते अशा घरच्यांच्या, मित्रांच्या हातातही ते असावं. कित्येक देशांत नाकात मारायचा फवारा मिळतो. आपल्याकडे तो असा सहज हाताशी यायला हवा, हे माझं ठाम मत आहे.

त्याची एक मर्यादा लक्षात ठेवा. परिणाम अर्धा ते दीड तास टिकतो. शरीरातलं ओपिऑइड त्याहून जास्त वेळ राहिलं तर माणूस पुन्हा बुडतो. नायटाझीनमध्ये एकाहून जास्त डोस लागू शकतात. त्यामुळे शुद्धीवर आलेला रुग्ण ‘मी बरा आहे, घरी सोडा’ म्हणाला तरी सोडायचा नाही. परदेशात हल्ली पावडरीत झायलाझीन हे जनावरांच्या गुंगीचं औषधही मिसळतात, त्यावर नॅलॉक्सोन चालत नाही. अशा वेळी तोंडाने दिलेला श्वासच तारतो.

दवाखान्यात नेलं तर पोलीस पकडतील?

या भीतीने माणसं घरात मरतात. रुग्णालयात पोलीस नोंद होऊ शकते, हे खरं आहे. पण उपचार त्यासाठी थांबत नाहीत, थांबवताही येत नाहीत. काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा. आणि एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४अ प्रमाणे, स्वतःच्या वापरासाठी थोडं बाळगलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले आणि ते पूर्ण केले तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. नेमक्या प्रकरणात वकिलाला विचारा, पण फोन आधी १०८ ला.

नुसता हात लागला तर माणूस मरतो म्हणे?

फेंटानिलची पावडर कातडीला लागली म्हणून कुणी बेशुद्ध पडत नाही. हात साबण-पाण्याने धुवा, तोंडा-डोळ्यांना लावू नका. या अफवेमुळे मदतीला कुणी पुढे येत नाही, तेच जास्त घातक.

लघवीच्या तपासणीत कळतं ना?

नेहमीची ‘ओपिएट’ पट्टी मॉर्फिन-हेरॉइन ओळखते. फेंटानिल, ट्रामाडॉल, नायटाझीन तिच्यात बहुधा दिसतच नाहीत. फेंटानिलची वेगळी पट्टी असते, तीही नायटाझीन पकडत नाही. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त होऊ नका. डॉक्टरही उपचार लक्षणांवरूनच सुरू करतात.

उपचार कुठे घ्यायचे?

सिव्हिलच्या मानसोपचार विभागात जा. ‘मानसोपचार’ या पाटीला बिचकू नका. घरबसल्या बोलायचं तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, आणि मन खचलं असेल तर टेलिमानस १४४१६. दोन्ही मोफत. गोळ्या विकणाऱ्याची माहिती द्यायची असेल तर १९३३.

डॉक्टर ब्युप्रेनॉर्फिन सुरू करतील, कदाचित बऱ्याच महिन्यांसाठी. ‘हेही ओपिऑइडच, एक व्यसन जाऊन दुसरं लागलं’ असं घरचे म्हणतात. तसं नाही. ते ओढ थांबवतं, श्वास मात्र एका मर्यादेपुढे दाबत नाही, आणि माणूस कामाला जाऊ शकतो. मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं चालते तेव्हा आपण असं बोलत नाही.

खासगी व्यसनमुक्ती केंद्र निवडताना मानसिक आरोग्य कायदा, २०१७ खालची नोंदणी मागा. डॉक्टर रोज येतो का, विचारा. साखळीने बांधून ठेवणं कायद्याने बंद आहे. आणि भिंतींवरच्या ‘न सांगता व्यसन सोडवा’ जाहिरातींची पूड आमटीत मिसळू नका. त्यात काय आहे ते माहीत नसतं, आणि दारू सोडवायचं खरं औषधसुद्धा नकळत दिलेल्या माणसाने वर दारू प्यायली तर जिवावर बेततं.

मुलगा सोडवून आला, आता काळजी नाही ना?

सगळ्यात जास्त काळजी आत्ता. काही आठवडे गोळी बंद राहिली की शरीराची सवय उतरते. मन खचलेल्या एखाद्या संध्याकाळी तो जुन्याच मात्रेत घेतो आणि तीच मात्रा आता जीव घेते. केंद्रातून आल्यावर, तुरुंगातून सुटल्यावर, लांबच्या आजारपणातून उठल्यावर हे होतं. त्याला हे स्पष्ट सांगा. ‘पुन्हा घेतलीस तर घरात पाय ठेवू नकोस’ असं सांगू नका, कारण मग तो लपून, दार लावून, एकटा घेईल.

वडिलांना बार्शीला कॅन्सरसाठी मॉर्फिन सुरू केलंय. मला भीती वाटते.

वेदनेने तळमळणाऱ्या बापाला मॉर्फिन नाकारू नका. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयातून परतणारी कुटुंबं माझ्याकडे येतात, आणि या साऱ्या बातम्यांमुळे ती औषध कमी करून देतात, हे मला बघवत नाही. कॅन्सरच्या वेदनेत मॉर्फिन हे हक्काचं औषध आहे. ते रुग्णांपर्यंत सोपेपणाने पोचावं म्हणून २०१४ मध्ये कायदाही बदललाय. वेळेवर द्या, बद्धकोष्ठतेचं औषध सोबत द्या, कपाटाला कुलूप ठेवा.

फेंटानिलची चिकटपट्टी दिली असेल तर एक जपा. उष्णतेने तिच्यातलं औषध अंगात भराभर शिरतं. पट्टीवर गरम पाण्याची पिशवी नको, ताप चढला तर डॉक्टरांना फोन करा, आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी रुग्णाला ठेवू नका.

उरलेल्या गोळ्यांचं काय करू?

‘लागतील कधीतरी’ म्हणून ठेवू नका, शेजारणीच्या गुडघ्यांसाठी देऊ नका, कचऱ्याच्या डब्यातही टाकू नका. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने २०२५ मध्ये १७ औषधांची यादी दिली आहे, जी नको असतील तेव्हा संडासात टाकून पाणी सोडायचं. ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, मॉर्फिन, फेंटानिल त्यात आहेत. वापरलेल्या चिकटपट्टीतही पुष्कळ औषध शिल्लक असतं. चिकट बाजू आत येईल अशी दुमडा आणि लगेच टाका, रांगत्या मुलाच्या हाताला लागण्याआधी.